कोठीत भाजलेला पाय

आमच्या शेठला लोखंडाशिवाय दुसरा देव नव्हता. जालन्याच्या एमआयडीसीत त्यांची सळईची मिल होती. भंगार वितळवून सळई काढणाऱ्या माणसाला जगातली प्रत्येक वस्तू एक तर सळई दिसते, नाहीतर भंगार. मला त्यांनी बहुतेक दुसऱ्या ढिगात धरलं होतं. असा माणूस दोन हजार सालाच्या आसपास एकदम कार्बन फायबरच्या नादी लागला. कुठल्याशा प्रदर्शनात कुणीतरी त्यांच्या हातात एक काळी नळी दिली आणि सांगितलं, ही पोलादासारखी मजबूत आहे, पण पोरगं उचलेल एवढी हलकी. शेठ परत आले ते तोंड पाडून. "लोखंडाचा बाप पैदा झाला म्हणतेत," ते म्हणाले, "बापाशी वळख ठेवलेली बरी." आणि मिलच्या मागच्या शेडमध्ये कापडगिरण्यांसाठी हलके रोलर बनवायचं ठरलं.

मी तेव्हा औरंगाबादहून डिप्लोमा घेऊन हात हलवत परत आल्तो. मला घेतलं ते माझ्या हुशारीमुळे नाही, दाजींमुळे. दाजी म्हणजे माझ्या आक्काचा नवरा, मूळचे केदारखेड्याचे, शेठच्या मिलमध्ये सळई लाटणाऱ्या रोलवर काम केलेला माणूस. एके दिवशी तांबडी सळई रोलमधून सुटली आणि त्यांच्या डाव्या पायाला वेढा घालून बसली. गुडघ्याखालचा पाय गेला. हे ते स्वतः सांगायचे तेव्हा ऐकणाऱ्याला हसावं की रडावं ते कळायचं नाही. "सळईनं अशी मिठी मारली राव, तुमच्या आक्कानं लग्नात बी मारली न्हाई." आक्का आत भांडी आपटायची.

पाय गेल्यावर शेठने त्यांना या नव्या शेडमध्ये लावलं. काम सांगायला सोपं होतं. लेथसारखं एक यंत्र, त्यावर पोलादाचा दांडा गरागरा फिरायचा. काळ्या धाग्यांचा पट्टा रेझिन नावाच्या चिकट रसायनाच्या टाकीत भिजून यायचा आणि दांड्यावर आडवातिडवा गुंडाळला जायचा. मग तो दांडा दोघांनी उचलून भट्टीत ठेवायचा, चार तास भाजायचा, रेझिन दगडासारखं कडक झालं की आतला दांडा हाणून हाणून बाहेर काढायचा. उरली ती नळी. दाजींनी यंत्रापाशी उभं राहायचं, धागा तुटला तर जोडायचा, वाहणारं रेझिन पत्र्याने निपटायचं, आणि धाग्याच्या कुसळांनी अंग खाजलं की मला शिव्या द्यायच्या. शेवटचं काम ते सगळ्यात मन लावून करायचे.

अडचण उभं राहण्याची होती. अपंगांच्या शिबिरात मिळालेल्या कृत्रिम पायाची नळी प्लास्टिकची होती. दाजींनी ती दोन दिवसांत नापास केली आणि मिलच्या फिटरकडून तिथे लोखंडी पाईप बसवून घेतला. वर सांगितलं, जाड घे. "प्लास्टिकवर उभं राह्याला मी काय बाहुला हे का?" आता तो पाय एवढा जड झाला की दुपारपर्यंत मांडीला ओढ बसायची, गुडघ्याखालच्या टोकाला फोड यायचे, आणि दाजी यंत्राला टेकून उभे राहायचे. हे शेठने पाहिलं. शेठ वाईट माणूस नव्हते, पण त्यांना उपाय एकच माहीत होता: गेट. मिलमध्ये बोटं गेलेले, डोळा गेलेले असे तिघंजण गेटवर आधीच बसले होते. "दिवाळीपासून तुमी बी तिथं बसा," शेठ म्हणाले. "आराम करा."

दाजी त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. "मिलमधी गेटला काय म्हणतेत माहीत हे का तुला?" ते मला म्हणाले. "मोडीचा ढीग म्हणतेत. मी बी म्हणायचो. येता जाता त्यांच्याकडं बघून हसायचो." आक्काने मला बाहेर ओढून बजावलं, "तू इंजिनेर हाईस न? त्यांला उभं ठेव. ते बसले त मी पागल होईन, आन मंग तुला बी सोडणार न्हाई." म्हणजे दिवाळीपर्यंत दाजींना पूर्ण पाळी उभं राहता आलं पाहिजे, एवढं एकच काम माझ्यापुढे होतं. उपाय तर समोर पडला होता. आम्ही दिवसभर हलक्या, मजबूत नळ्या करायचो आणि करणारा माणूस लोखंडी पाईप ओढत फिरायचा. त्याच नळीचा हातभर तुकडा कापून त्यांच्या पायाला लावायचा, झालं.

पण नळी धड निघेल तेव्हा ना! भट्टीला सलग चार तास वीज लागायची, आणि लोडशेडिंगने त्या काळात जालन्याची दैना केली होती. अडीच तासांवर वीज गेली की नळी ना धड ओली ना धड भाजलेली. परत तापवली की तिला पापड्या सुटायच्या. दहातल्या निम्म्या नळ्या आम्ही शेडमागे फेकायचो. शेठ रोज येऊन त्या ढिगाकडे बघायचे आणि मग माझ्याकडे.

याच सुमाराला मी औरंगाबादला मावसभावाकडे गेल्तो. त्याच्याकडे नवाकोरा मायक्रोवेव्ह आला होता. वहिनी म्हणाल्या, एका मिनिटात चहा गरम होतो. मी स्टीलचा ग्लास उचलला आणि आत ठेवला. जालन्याच्या माणसाच्या हाताला ग्लास म्हटलं की स्टीलचाच लागणार. आत अशी निळी वीज कडाडली की वहिनींनी मला पुन्हा स्वयंपाकघरात पाय ठेवू दिला नाही. मी मात्र परतीच्या एसटीत दुसराच विचार करत होतो. चार तासांचं काम हे डबडं काही मिनिटांत करेल का? पॉलिटेक्निकच्या लायब्ररीत जाऊन जुनी मासिकं चाळली. त्यात होतं की कार्बन मायक्रोवेव्हच्या लहरी स्वतःच पिऊन घेतो आणि स्वतःच तापतो. भट्टीची हवा तापवत बसायला नको. वीज तासभर असली तरी पुरे. मला तर उडी मारावीशी वाटली.

ओव्हन विकत मागितला असता तर शेठने मलाच वितळवलं असतं. पण मिलच्या आवारात बाहेरदेशी भंगाराचे दाबलेले गठ्ठे यायचे. त्यात मोटारींचे दरवाजे, रेडिएटर, आणि कुठल्या कुठल्या घरातून फेकलेले मायक्रोवेव्ह. आम्ही आठवडाभर ढीग उपसला. प्रत्येक ओव्हनमध्ये मुठीएवढा एक भाग असतो, मॅग्नेट्रॉन. लहरी तोच सोडतो. असे चार चालू निघाले. पाचवा खोलताना त्याच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरने मला असा दणका दिला की मी रेडिएटरवर जाऊन पडलो. दाजींनी वाकून पाहिलं. "जिता हे का? मंग ऊठ, अजून लई राह्यलेत."

आता हे चार मॅग्नेट्रॉन बसवायचे कशात? चारी बाजूंनी पत्रा हवा, फट नको, आणि नळी आत मावली पाहिजे. दाजींनी दुसऱ्या दिवशी टेम्पोतून माझ्या बहिणीची ज्वारीची कोठी आणून उतरवली. तिला विचारलं होतं का? बिलकुल नाही. ज्वारी त्यांनी चादरीवर ओतून ठेवली होती. संध्याकाळी आक्का शेडपर्यंत चालत आली आणि मिलच्या अख्ख्या पाळीदेखत तिने आम्हा दोघांचा असा उद्धार केला की मिलवाले पुढे महिनाभर त्यातली वाक्यं एकमेकांना म्हणून दाखवत होते. मला ती म्हणाली, "तुला शिकवलं ते चुलीत गेलं." कोठी मात्र तिने परत नेली नाही.

कोठी आडवी केली, दोन्ही तोंडं दांडा जाईल एवढीच कापली. आत डोकवायला खिडकी हवी होती, तर बियाण्याच्या कारखान्यातून बाजरी चाळायची जुनी चाळणी आणून ती बसवली. बारीक भोकांतून उजेड येतो, लहरी येत नाहीत. गळती तपासायला टेस्टरमधला लाल दिवा काठीला बांधून कोठीभोवती फिरवायचो. जिथे तो आपोआप पेटेल तिथे दाजी कथलाचा डाग देऊन फट बुजवायचे. कोठीखाली चाकं आणि रूळ, म्हणजे दांडा यंत्रावर फिरत असतानाच कोठी सरकून त्याच्या अंगावरून येईल. उचलायचं नाही, न्यायचं नाही.

पहिल्या दिवशी बटन दाबलं आणि आत दिवाळी झाली. धाग्यांची सुटी टोकं तडतड पेटली, सडक्या माशासारखा वास सुटला आणि मी कोठीवर ओलं पोतं टाकलं. दाजी चाळणीला नाक लावून बघत होते. "शेंड्या जळून राह्यल्यात याच्या," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी बसून त्यांनी दोन्हीकडची टोकं वाती वळाव्या तशी वळून बसवली. मग ठिणगी नाही, काही नाही. पंधरा मिनिटांत नळी बाहेर. नख लावलं, कडक. नाण्याने वाजवलं, खणखणीत. आणि सगळ्यात आनंदाची गोष्ट म्हणजे आतला पोलादी दांडा. एरवी त्याला काढायला घण लागायचा, दोन माणसं घामाने निथळायची. आज दाजींनी एका हाताने ओढला आणि तो सळ्‌कन बाहेर आला.

आम्ही वेड्यासारखे नाचलो. शेठने पेढे मागवले. "दांडा बी सुटा निघून राह्यला," ते ज्याला त्याला सांगत होते. लोखंडात जन्म काढलेली आम्ही माणसं. दांडा सहज निघाला म्हणजे काम फत्ते, एवढंच आम्हाला कळत होतं. का निघाला, हे मी विचारलं नाही. डिप्लोमावाल्या माणसाने विचारायला पाहिजे होतं. त्याच संध्याकाळी फिटरने नळीचा तुकडा कापला, दोन्ही टोकांना कड्या बसवल्या आणि दाजींच्या पायात घातला. दाजींनी चार पावलं टाकली, थांबले, आणि परत चार टाकली.

ते चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी वैशाखातली दुपार होती, पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नव्हतं. शेठ नळी बघायला आले होते आणि दाजी त्यांना मिजाशीत यंत्र दाखवत होते. कर्र्‌ असा आवाज झाला, नळी मधोमध चेपली आणि दाजी शेठच्या पायाशी आडवे. रेझिनची बादली त्यांच्या अंगावर. मी धावलो. त्यांनी मला हाताने दूर केलं. शेठने त्यांना उठवलं, धोतराने त्यांचं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाले, "दिवाळी कशाला पायजे? गेटवर आजच बसा." हे त्यांनी मायेने म्हटलं, म्हणून दाजींना जास्त लागलं.

सगळे गेल्यावर दाजी जमिनीवर बसून मोडक्या नळीत बोट घालत होते. बोट बाहेर काढलं तर चिकट. "इंजिनेर," ते म्हणाले, "इकडं ये. बोट घाल." मी घातलं. नळी वरून दगड आणि आतून शिरा. म्हणूनच दांडा सुटा निघाला होता. आतलं रेझिन कच्चं, धरणार कशाला? लहरी पोलादात शिरत नाहीत, हे मला औरंगाबादच्या ग्लासाने कानाखाली वाजवून सांगितलं होतं. वरचे थर तापले, आणि आतल्या थराची ऊब तो थंड जाडजूड दांडा गपगप ओढून घेत राहिला. आम्ही त्या नळीचे पेढे खाल्ले होते.

"चुकलं माझं, दाजी," मी म्हणालो.

"ते त दिसूनच राह्यलं. आता सुधार." शेठकडून त्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत परत मागून घेतली. काय बोलले ते मला त्यांनी कधीच सांगितलं नाही.

पोलादी दांडा काढून मी लहरी आरपार जातील असा काचेच्या धाग्याचा पोकळ दांडा बनवला. आतला थर सुधारला, पण जाड नळीत मधला कच्चा राहू लागला. वरचा कार्बनच लहरी अडवायचा. मी कागदावर गणितं करत बसलो होतो तेव्हा दाजी मागून म्हणाले, "मिलमधी सळई एका दमात निघती का रे? पास देऊ देऊ निघती. जरा दाबायची, जरा लांबवायची, पुन्हा घालायची. तू सगळं एकदमच का भाजून राह्यला? दोन थर गुंडाळ, भाज. पुन्हा दोन गुंडाळ, पुन्हा भाज."

मी गणितांचा कागद बाजूला सारला. एवढं सोपं होतं आणि ते मला पुस्तकातून मिळालं नव्हतं. पण त्यासाठी एका नळीला कोठी वीस-पंचवीस वेळा पुढेमागे सरकवायला हवी, प्रत्येक वेळी बराबर तेवढाच वेळ. हाताने कुणी केलं असतं? एखाद्या वेळी चहा प्यायला गेला की नळी कोळसा. म्हणून मी कोठीला मोटार लावली, रुळाच्या टोकांना कोठी थांबवणारे लिमिट स्विच लावले, टायमर लावला. थर संपला की धाग्याचा हात आपोआप थांबायचा, कोठी यायची, भाजायची, परत जायची, हात पुन्हा सुरू. रेझिन निपटायलाही मी एक रबरी पट्टी बसवली, कारण दाजींना वाकायला त्रास व्हायचा. आणि धागा तुटू नये म्हणून स्प्रिंगची कप्पी. एकेक गोष्ट जमली की दाजी "वा रे वाघा!" म्हणून पाठीत धपाटा घालायचे.

गणपतीच्या आधी नवी नळी निघाली. या वेळी दांडा काढायला घण लागला आणि आम्ही दोघं घण हाणताना हसत होतो. नळी उभी चिरून पाहिली, आतबाहेर एकसारखी कडक. दुसऱ्या नळीचा तुकडा दाजींच्या पायात गेला. आठवडा गेला, पंधरवडा गेला. दाजी सकाळी सातला उभे राहायचे ते पाळी संपेपर्यंत. आक्का म्हणाली, आता रात्री पाय चेपून मागत नाहीत. तीर्थपुरीला गणपतीच्या मिरवणुकीत ते बँडपुढे असे नाचले की गणपतीकडे कुणी बघेना. मला वाटलं, जिंकलो आपण. खरंच सांगतो, आयुष्यात एवढं भारी मला नंतर कधी वाटलं नाही.

दसरा आला. शेठ शेडमध्ये उभे राहून तासभर यंत्र बघत होते. धागा आपला येतोय, कोठी आपली जातेय. बाजूला दाजी ताठ उभे.

शेठने मला बाहेर बोलावलं. "हे त आपआप चालून राह्यलं."

"हो न शेठ!" मी फुगून म्हणालो.

"मंग इथं माणूस कशापायी उभा हे?"

मी मनात कामं मोजू लागलो. धागा जोडायला? तुटत नव्हता. रेझिन निपटायला? पट्टी होती. उचलायला? उचलायचंच नव्हतं. एकेक काम मी माझ्या हाताने काढलं होतं, आणि निम्मी काढली होती ती दाजींना बरं पडावं म्हणून. शेठ म्हणाले, "तुमचे घरचे हायेत. तूच सांग त्यांला. गेटवर जागा हे."

दोन दिवस मी त्यांना टाळलं. तिसऱ्या दिवशी टपरीवर चहा घेताना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"बटन दाबायला त कोणी लागंलच न?"

"सकाळी एकदाच दाबायचं, दाजी. ते मी दाबतो."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "तरी म्हणलं, हा परवापासून माझ्याकडं बघून का न्हाई राह्यला." बस. शिवी नाही, टोमणा नाही. त्यांनी मला आईवरून शिवी दिली असती तर मला रात्री झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते शेडमध्ये हजर. धुतलेला शर्ट, हात मागे बांधलेले. यंत्रापासून दोन पावलांवर उभे राहिले. कशाला हात लावला नाही. मी म्हणालो, दाजी, चला. त्यांनी ऐकलं नाही. नळ्या एकामागून एक होत गेल्या. मिलमधली माणसं दारात येऊन बघून जात होती. जेवणाची सुट्टी झाली, दाजी तिथेच. दुपारी शेठ आले, बसा म्हणाले. "बसायला आल्तो का मी?" दाजी म्हणाले आणि पुन्हा समोर बघू लागले. मी दिवसभर यंत्राच्या आड तोंड लपवून काहीतरी पुसत राहिलो.

पाळी सुटल्याचा भोंगा झाला. दाजी शेठसमोर जाऊन उभे राहिले. "शेठ, आठ घंटे उभं राह्यलो. पाय दुखला न्हाई. येवढंच दाखवायचं व्हतं." शेठने मान खाली घातली. दाजी दाराकडे निघाले. चाल एवढी सरळ होती की अनोळखी माणसाला काही कळलंही नसतं. मी यंत्र बंद करून त्यांच्यामागे जायला पाहिजे होतं. पण नळी अर्धी गुंडाळून झाली होती, म्हणून मी यंत्रापाशीच थांबलो.